टेकन ८ : पार्लरमधल्या जुन्या खेळाडूने आणि त्याच्या बारा वर्षांच्या मुलाने घ्यावा का?

नवी_पेठेतला_पॉल :

नमस्कार. मी सोलापूरचा, वय एक्केचाळीस, व्यवसाय चादरी आणि टॉवेलांचा. सन २००० च्या आसपास नवी पेठेतल्या एका बोळात व्हिडिओ गेमचे छोटे दुकान होते. तिथे पहिल्या प्लेस्टेशनवर टेकन ३ हा मारामारीचा गेम खेळण्यात माझी अकरावी-बारावी गेली, आणि बारावीचे गुण पाहता ती खरोखरच गेली, असे वडील अजून म्हणतात. जो हरेल तो उठेल आणि जिंकणारा बसून राहील, असा तिथला नियम होता. मी त्यातले पॉल हे पात्र घेऊन बसायचो. एडी हे पात्र घेऊन लाथांची दोन बटणे वेड्यासारखी दाबत सुटणाऱ्या मुलांचा मात्र सगळ्यांनाच राग यायचा. शेवटी मालकाने एडीवाल्याला सलग दोनच बाजी मिळतील असा कागद भिंतीवर चिकटवला होता.

आता माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. धाकटा भाऊ दिवाळीला पुण्याहून प्लेस्टेशन ५ घेऊन येणार आहे आणि त्यासोबत मारामारीचा एकच गेम घ्यायचे आम्ही ठरवले आहे. माझे मन टेकन ८ कडे आहे, पण त्याबद्दल जे वाचायला मिळते ते फार टोकाचे आहे. काही जण त्याच्या देखणेपणाची स्तुती करताना थकत नाहीत, तर काही जण कंपनीने खेळाचे वाटोळे केले असे म्हणतात. टेकन ३ मधले माझे जुने कौशल्य इथे काही उपयोगाचे आहे का, मुलाला शून्यापासून शिकता येईल का, गेम घेतल्यानंतर पुन्हा पुन्हा खिशात हात घालावा लागतो का, आणि घरी दोघेच खेळणार असू तर इंटरनेट हवेच का, हे मला जाणून घ्यायचे आहे. कृपया गुण आणि दोष दोन्ही कारणांसह लिहावेत. नुसते ‘एक नंबर’ किंवा ‘बकवास’ असे प्रतिसाद देऊ नयेत, ही विनंती.

लाल_माती :

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण पार्लरचे दिवस आठवणारी माणसे आता कमी उरली आहेत. मी २०१७ पासून टेकन ७ आणि २६ जानेवारी २०२४ ला प्रसिद्ध झाल्यापासून टेकन ८ खेळत आहे. होम मैदानावरची गड्डा ही आपली सोलापूरची जत्रा त्या वेळी आवरत आली होती आणि पाळण्यात बसायचा भाचीचा हट्ट मोडून मी घरी गेम उतरवत बसलो होतो, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. गेम सुमारे शंभर जीबीचा आहे, त्यामुळे आपल्याकडे उतरवून घ्यायला वेळ लागेल हे धरून चाला.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. टेकनचा पाया बदललेला नाही. चौकोन म्हणजे डावा हात, त्रिकोण म्हणजे उजवा हात, फुली म्हणजे डावा पाय आणि गोल म्हणजे उजवा पाय, ही मांडणी आपण शिकलात तीच आहे. पडद्याच्या आत किंवा बाहेर एक पाऊल बाजूला सरकून फटका चुकवण्याची जी सोय टेकन ३ मध्ये सगळ्या पात्रांना मिळाली, ती आजही या खेळाचा कणा आहे. पॉलचा तो एका ठोशात निकाल लावणारा फटकाही शिल्लक आहे. पहिल्या पाच मिनिटांत आपले हात आपल्याआधी आठवू लागतील.

शिकण्याच्या सोयी हा मला या गेमचा सर्वांत मोठा गुण वाटतो, आणि आपण वडील आणि मुलगा असे दोघे खेळणार असल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. या खेळात सेकंदाचे साठ तुकडे पडतात आणि एका तुकड्याला फ्रेम म्हणतात. डाव्या हाताचा साधा ठोसा बहुतेक पात्रांना दहा फ्रेममध्ये मारता येतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. समोरच्याने एखादा मोठा फटका मारला, आपण तो अडवला आणि त्याला सावरायला आपल्यापेक्षा दहा फ्रेम जास्त लागल्या, तर त्याला ‘उणे दहा’ म्हणतात. अशा वेळी आपला ठोसा त्याला अडवताच येत नाही. पार्लरमध्ये आपण हे सगळे अंदाजाने आणि मार खाऊन शिकलो. टेकन ७ मध्ये हे आकडे पडद्यावर पाहायचे असतील तर वेगळे पैसे मोजावे लागत होते. टेकन ८ मध्ये ते सरावाच्या विभागात मूळ किमतीतच मिळतात. शिवाय आपण हरलेली लढत पुन्हा पाहताना मध्येच थांबवून ती आपल्या हातात घेता येते, आणि ज्या क्षणी आपण चुकलो तिथे दुसरे काय करता आले असते हे गेम स्वतः सुचवतो. तालमीत वस्ताद कुस्ती थांबवून ‘इथे पट काढायचा होता’ असे सांगतात, अगदी तसेच. माझ्या मते गेली कित्येक वर्षे कोणत्याही फायटिंग गेमने याहून उपयोगी गोष्ट दिलेली नाही.

आता दोषांकडे येतो. टेकन ८ मध्ये ‘हीट’ नावाची नवी व्यवस्था आहे. प्रत्येक फेरीत एकदा आपण हीट चालू करू शकतो. साधारण दहा सेकंद आपले पात्र पेटून उठते, काही फटक्यांना जास्त धार येते आणि समोरच्याने फटके अडवले तरी त्याची थोडी ताकद कमी होते. ही गेलेली ताकद परत मिळवता येते, परंतु तीही उलट हल्ला करूनच. म्हणजे नुसता बचाव करणाऱ्याला खेळ स्वतःच दंड करतो. टेकनमध्ये उभे राहून वरचे आणि मधले फटके अडतात, बसून खालचे अडतात, आणि मधला फटका बसलेल्याला लागतो. हीटमधला खेळाडू अंगावर धावून आला की पुढचा फटका मधला असेल की खालचा, हा बचाव करणाऱ्यासाठी बहुतेकदा नाणेफेकीचा प्रश्न होऊन बसतो. एकदा अंदाज चुकला तर अर्धी ताकद गेली, आणि मागे भिंत असेल तर फेरीच संपली.

कुस्तीत समोरच्याला दमवणे हासुद्धा एक डाव असतो. नुसता हात धरून, अंतर राखून, त्याच्या चुकीची वाट पाहत चांगला मल्ल दहा मिनिटे काढतो आणि जाणकार प्रेक्षक त्यालाही दाद देतात. जुन्या टेकनमध्ये ही वाट पाहण्याची कला होती. मागे सरकून समोरच्याचा फटका हवेत घालवायचा आणि मग त्याला उचलायचा, यात जो आनंद होता तो टेकन ८ मध्ये नाहीसा झाला आहे असे मी म्हणणार नाही, मात्र त्याची किंमत उतरली आहे हे नक्की.

हे माझे एकट्याचे रडगाणे नाही. १ एप्रिल २०२५ रोजी गेमच्या दुसऱ्या मोसमाचे (सीझन २) बदल आले, तेव्हा बचावाला बळ मिळेल अशी खेळाडूंची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक पात्रांना आणखी सोपे आणि आणखी जबरदस्तीचे हल्ले मिळाले. जगभरातून इतका गदारोळ झाला की कंपनीला चूक मान्य करून त्याच महिन्यात तातडीची दुरुस्ती काढावी लागली. त्यानंतरही टप्प्याटप्प्याने सुधारणा होत गेल्या, पण स्वभाव बदललेला नाही. हा गेम चढाईचाच आहे.

पैशांच्या बाबतीत मात्र मी स्पष्टच बोलतो. मूळ गेममध्ये बत्तीस पात्रे आहेत आणि ती भरपूर आहेत. पण गेम बाजारात येऊन सगळीकडे परीक्षणे छापून झाल्यावर, जेमतेम महिन्याभराने, त्यात कपडे विकणारे दुकान उघडले गेले आणि पुढे ठरावीक मुदतीचा सशुल्क पासही आला. एक लढाईची जागा तर वर्षभराच्या नव्या पात्रांचा पास घेतलेल्यांनाही वेगळी विकत घ्यावी लागली. या गोष्टींशिवाय खेळता येते, हे खरे. तरीही पूर्ण किंमत देऊन जेवायला बसलेल्या माणसाला वाढपी मध्येच लोणच्याचे पैसे मागू लागला तर घास कडू लागतोच.

पूर्वभाग_गेमवाला :

माझे अशोक चौकाच्या बाजूला छोटे गेमिंग पार्लर आहे. दोन प्लेस्टेशन ५ आणि तीन प्लेस्टेशन ४ आहेत. वरच्या दादांनी स्पर्धेच्या दृष्टीने लिहिले आहे. मी एका टीव्हीसमोर दोन खुर्च्यांत बसून खेळणाऱ्यांच्या दृष्टीने लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

सर्वांत आधी एक सूचना, जी कोणी देत नाही. गेम घेण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू करा. आजचे मोठे टीव्ही चित्र सुंदर दिसावे म्हणून त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. टीव्हीने सेकंदाचा विसावा भाग जरी उशीर केला तरी तीन फ्रेम गेल्या, आणि ज्या खेळात दहा फ्रेमवर निकाल लागतो तिथे तीन फ्रेम म्हणजे फार झाले. आपल्या जुन्या डबा टीव्हीवर हा उशीर नव्हता. त्यामुळे पंचवीस वर्षांनी परत येणारे गिऱ्हाईक पहिल्या दिवशी ‘वय झाले, हात चालत नाही’ म्हणून नाराज होते आणि दोष निघतो टीव्हीचा. माझ्याकडे असे दोन-तीन वेळा तरी घडले आहे.

मुलाच्या शिकण्याबद्दल सांगायचे तर गेममध्ये ‘स्पेशल स्टाइल’ म्हणून सोय आहे. एल-वन बटण दाबले की अवघड डाव एकेका बटणावर येतात आणि पुन्हा दाबले की नेहमीची पद्धत परत येते. लढत चालू असतानाही ही अदलाबदल करता येते. नवीन पोरगा पहिल्या अर्ध्या तासात हवेत उचलून चार-सहा फटक्यांची माळ लावू लागतो आणि त्याला गोडी लागते. परंतु या पद्धतीत निवडक डावच मिळतात. प्रत्येक पात्राचे शंभराच्या वर डाव असताना हाताशी मोजकेच असले, तर समोरचा दोन दिवसांत सगळे ओळखतो. माझ्याकडची शाळकरी मुले साधारण दोन-तीन आठवड्यांत स्वतःहून ही सोय बंद करतात. कोणी बंद करत नाही, त्याचा खेळ तिथेच थांबतो.

हीटबद्दल माझ्या गिऱ्हाइकांची तक्रार नाही, उलट त्यांना तेच आवडते. संध्याकाळी सहानंतर कारखान्यातून सुटून आलेली मुले अर्धा तास खेळतात, त्यांना आग आणि आवाज हवा असतो. मारताना जमीन फुटते, भिंत कोसळते, बाल्कनीतून दोघेही खाली जातात, आणि मागे उभे असलेले दहा जण ओरडतात. त्या अर्थाने पार्लरसाठी हा गेम उत्तम आहे. चेंडूवर फटके मारून समोरच्याला चेंडूने हरवायचा ‘टेकन बॉल’ हा प्रकारही परत आला आहे. आपल्याला तो टेकन ३ मधला आठवत असेल. ज्यांना मारामारी जमत नाही अशी घरातली माणसेसुद्धा तो खेळतात.

दोष सांगायचे तर माझ्या दृष्टीने दोन. पहिला असा की हा गेम प्लेस्टेशन ४ वर चालतच नाही, त्यामुळे माझ्या तीन यंत्रांवर अजून टेकन ७ चालू आहे, आणि खरे सांगायचे तर तिथे कोणी तक्रार करत नाही. दुसरा म्हणजे आपला लाडका शत्रू एडी मूळ गेममध्ये नाही. तो एप्रिल २०२४ मध्ये पैसे देऊन घ्यायचे पात्र म्हणून आला. हेहाची हे जुने पात्र तर गेमच्या गोष्टीत मेलेले होते, तेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विकत मिळू लागले. लेई वूलाँग हवा असेल तर तो प्रसिद्धीच्या वेळच्या यादीत नव्हता. किंग, लॉ, योशिमित्सू, निना, हवोरांग, जिन आणि आपला पॉल हे सगळे मूळ गेममध्येच आहेत.

एडीसाठी पैसे भरावे लागतात, हे भिंतीवरच्या कागदापेक्षा चांगले औषध आहे.

उणे_दहा :

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जुळे सोलापूरला राहते आणि मुख्यतः ऑनलाइन खेळते. लाल_माती दादांच्या ज्ञानाबद्दल आदर ठेवून एका मुद्द्यावर असहमती नोंदवते.

वाट पाहण्याच्या कलेबद्दल त्यांनी जे लिहिले ते ऐकायला छान आहे, पण टेकन ७ मध्ये त्याच कलेचा अतिरेक मी पाहिला आहे. दोन खेळाडू मिनिटभर मागे-पुढे सरकत, एकेक छोटा ठोसा मारून पळत, घड्याळ संपायची वाट बघत असत, आणि ताकद थोडी जास्त असलेला खेळाडू काहीही न करता फेरी जिंकत असे. हीटमुळे प्रत्येकाला एक निर्णय घ्यावा लागतो. ती सुरुवातीलाच वापरून दबाव टाकायचा, की समोरचा अंगावर आल्यावर तिच्या जोरावर त्याचा हल्ला फोडून बाहेर पडायचे? हीट सुरू करणारा धक्का अंगावर फटका झेलत पुढे जातो, म्हणजे तो बचावाचेही साधन आहे. लढत पाहायला बसलेल्या माणसाला हा प्रश्न लगेच समजतो. माझी आई टेकन खेळत नाही, पण ‘तिची आग शिल्लक आहे, तू सांभाळ’ असे ती स्वयंपाकघरातून सांगते.

आणि बचावाची किंमत उतरली असती तर लाहोरचा अर्सलान ॲश आजही वर नसता. त्याने २०१९ मध्ये टेकन ७ च्या जपान आणि अमेरिका अशा दोन्ही ईव्हो (फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धा) जिंकल्या, आणि टेकन ८ आल्यावर २०२४ मध्ये लास व्हेगासची ईव्हो पुन्हा जिंकली. ज्याची ख्याती संयमी बचाव, हालचाल आणि अडवलेल्या फटक्याची चोख शिक्षा यांसाठी आहे, तो चढाईच्या गेममध्येही जिंकतो आहे. लाहोरच्या साध्या गल्ल्यांतल्या पार्लरमधून ही पिढी तयार झाली, हे आपल्या इथल्या पार्लरवाल्यांनीही लक्षात घ्यावे असे मला वाटते.

दुसऱ्या मोसमाबद्दल मात्र दादांचे म्हणणे मला मान्य आहे. त्या एप्रिलमध्ये मी तीन आठवडे गेम उघडला नव्हता.

ऑनलाइन खेळाविषयी थोडे लिहिते, कारण प्रश्नकर्त्यांनी इंटरनेटबद्दल विचारले आहे. घरी दोघांनी खेळायला इंटरनेट लागत नाही. ऑनलाइन लढायचे असेल तर प्लेस्टेशनवर प्लेस्टेशन प्लसचे वर्गणीदार व्हावे लागते, आणि हा खर्च दरवर्षीचा आहे. लढताना दोन्ही खेळाडूंची यंत्रे थेट एकमेकांशी जोडली जातात, त्यामुळे समोरचा किती लांब आहे आणि त्याची जोडणी कशी आहे यावर सर्व काही अवलंबून असते. समोरची हालचाल आधीच गृहीत धरून पुढे जायचे आणि अंदाज चुकला तर चित्र मागे नेऊन दुरुस्त करायचे, या पद्धतीला रोलबॅक म्हणतात. ती टेकन ७ पेक्षा पुष्कळ सुधारली आहे. मुंबई, पुणे, बंगळूरच्या खेळाडूंशी माझ्या लढती सुरळीत होतात. समोरचा वायफायवर आहे की तारेवर, हे लढत स्वीकारण्याआधी चिन्हाने दिसते. राऊटरपासून यंत्रापर्यंत तार ओढून घेतली तर निम्म्या तक्रारी मिटतात. माझ्या वडिलांनी ती तार दारावरून नेताना संक्रांतीच्या पतंगाचा मांजा अडकल्यासारखी लोंबती ठेवली आहे, पण चालते.

हरायची वेळ आली की जोडणी तोडून पळून जाणारे लोक हा सुरुवातीच्या महिन्यांत फार मोठा त्रास होता. क्रमवारीत वरची पायरी मिळवून देणारी लढत जिंकत आलेली असावी आणि समोरच्याने तार उपटावी, यासारखा संताप दुसरा नाही. पुढे कंपनीने उपाय केले, तरी ज्या गोष्टीचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासून हवा होता ती नंतर करण्यात आली, हे दोषांत धरलेच पाहिजे.

एक गुण कोणी लिहिला नाही तो म्हणजे ‘घोस्ट’. गेम आपली खेळण्याची पद्धत पाहून आपली एक प्रतिमा तयार करतो. ती आपल्यासारखीच चुकते, आपल्यासारखीच घाबरून मागे सरकते. माझ्या घोस्टशी लढताना मला कळले की मी पडल्यावर नेहमी एकाच बाजूला लोळून उठते. हे मला कोणीही सांगितले नव्हते. काका दुकानात असताना मुलगा त्यांच्या घोस्टशी सराव करू शकेल. मात्र मग त्यांनी हरण्याची मानसिक तयारी ठेवावी.

लाल_माती :

ताईंचा अर्सलानचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो थोडा वेगळ्या बाजूचा आहे. अव्वल खेळाडू कोणत्याही नियमांत वाट काढतोच. माझी तक्रार मधल्या पायरीवरच्या माणसाबद्दल होती. त्याला प्रत्येक पात्राचे शंभर डाव पाठ नसतात. समोरच्याने हीट लावून पाच वेगवेगळे हल्ले केले की त्यांपैकी कोणता कधी अडवायचा हे त्याला माहीत नसते, आणि विचार करायला खेळ उसंत देत नाही. ‘माहीत नव्हते म्हणून हरलो’ आणि ‘वाईट खेळलो म्हणून हरलो’ यांत फरक आहे. टेकनमध्ये पहिल्या प्रकारचे हरणे नेहमीच जास्त होते, आता ते आणखी वाढले आहे. घड्याळ संपवत पळणाऱ्यांबद्दल मात्र मी हार मानतो. तसा मीही एक होतो.

नवी_पेठेतला_पॉल :

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. दोन उपप्रश्न आहेत. मुलाच्या वयाच्या दृष्टीने गेम योग्य आहे का? आणि दुसरा प्रश्न थोडा लाजिरवाणा आहे. पार्लरमध्ये किंग घेणारा एक मुलगा मला धरून आपटायचा, आणि त्याच्या पकडीतून सुटायचे कसे हे मला शेवटपर्यंत कळले नाही. आता तरी कोणी सांगावे.

उणे_दहा :

अमेरिकेतल्या मंडळाने गेमला ‘टी’ म्हणजे तेरा वर्षांपुढील असा दर्जा दिला आहे. मारामारी भरपूर आहे, रक्तपात नाही म्हटले तरी चालेल, काही पात्रांचे कपडे तोकडे आहेत. गोष्टीचा भाग बाप-लेकाच्या वैराचा आहे, काझुया आणि जिन यांचा, आणि तो चार-पाच संध्याकाळींत संपतो. आपण शेजारी बसून खेळणार असाल तर मला त्यात अडचण वाटत नाही, पण निर्णय आपला.

पकडीचे उत्तर असे आहे. किंग धरायला येतो तेव्हा त्याचा कोणता हात पुढे आला हे पाहायचे. डावा हात पुढे असेल तर डाव्या ठोशाचे बटण, उजवा असेल तर उजव्याचे, आणि दोन्ही हात एकत्र पुढे आले तर दोन्ही बटणे एकदम दाबायची. पायाला धरून गरगर फिरवून फेकतो ती पकड डाव्या बटणाने सुटते. शिवाय साध्या पकडी वरच्या फटक्यांसारख्या उंचावर येतात, म्हणून वेळेत खाली बसले तरी त्या हवेत जातात, पण बसलेले पाहून त्याने मधला फटका मारला तर तो लागेल. सरावाच्या विभागात किंगला वेगवेगळ्या पकडी आलटून-पालटून करायला लावा आणि रोज दहा मिनिटे फक्त हात पाहा. मला जमायला महिना लागला.

पूर्वभाग_गेमवाला :

पैसे भरण्याआधी फुकटची चाचणी आवृत्ती उतरवून पाहा. त्यात जिन, काझुया, निना आणि पॉल अशी चार पात्रे आहेत. पॉल आहे, म्हणजे आपले काम झाले. भावाला यंत्र चार दिवस आधी आणायला सांगा. आणि मे महिन्यात यंत्र कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ दोन्ही त्याला सोसत नाहीत. मागची जाळी दर महिन्याला साफ करायची.

नवी_पेठेतला_पॉल :

दिवाळी झाली, म्हणून कळवतो. चाचणी आवृत्ती तीन दिवस खेळलो आणि पाडव्याला पूर्ण गेम घेतला. टीव्हीचा गेम मोड आधीच लावला होता. तरीही पहिल्या संध्याकाळी मुलाने स्पेशल स्टाइल लावून माझ्याच पॉलला पॉल घेऊन अकरा वेळा हरवले. हीटबद्दल मी अजून कोणत्याच बाजूला नाही. ती त्याच्याकडे असते तेव्हा लाल_माती साहेबांचे पटते आणि माझ्याकडे असते तेव्हा ताईंचे.

त्याला पॉलचा तो शेवटचा ठोसा फार आवडला आहे आणि तो दर चौथ्या सेकंदाला तोच मारतो. काल रात्री सगळे झोपल्यावर मी सरावाच्या विभागात बसून तो अडवल्यानंतरचे आकडे पाहिले. अडवल्यावर काय करायचे ते मला आता माहीत आहे. त्याला रविवारी कळेल.